“आठवण कर” म्हणाला होतास

दादा,

त्या शनिवारी संध्याकाळी तू गोठ्यातून हात धुऊन आलास, पडवीत बसलास आणि छाती चोळत म्हणालास, “सुमे, दोन दिस झाले, जरा ओझं उचललं का हितं भरल्यासारखं होतं. सोमवारी कर्जतला जाऊन दाखवतो. मला आठवण कर गं.” मी म्हटलं, “करते.” माझ्या मांडीवर कोणाच्या तरी ब्लाउजची बाही होती आणि तोंडात टाचण्या. सोमवारी सकाळी आठची जीप पकडून मी कशेळ्याला माझ्या शिवणाच्या दुकानात गेले. तुला आठवण केली नाही. आपलं काही भांडण झालं नव्हतं, मला कंटाळाही आला नव्हता. ते डोक्यातून पार निघून गेलं होतं. मंगळवारी दुपारी खळ्यावर पेंढा रचता रचता तू खाली बसलास तो उठलाच नाहीस.

दहा दिवस मी हे कोणाला सांगितलं नाही. वैनीला तर नाहीच. तिच्या समोरून जाताना मी खाली बघून जायचे. लोकांना वाटलं, सुमीचं पुन्हा सुरू होतंय. आपल्या घरात माझ्या खाली मान घालण्यालाही आजाराचं नाव मिळतं, तुला तर ते चांगलंच ठाऊक आहे.

मला भीती वाटत होती ती दोन गोष्टींची. एक, हे वैनीला कळलं तर ती मला घरात ठेवील का. आणि दुसरी तिच्याहून मोठी, हे मनात दाबून ठेवलं तर माझी झोप जाईल, आणि झोप गेली की पुढचं सगळं कसं ओळीने येतं ते कॅलेंडरात तूच लिहून ठेवलंयस. बारा वर्षं खपून तू मला जिथवर आणलंस, तिथून मी तुझ्याच दुःखात घसरले असते तर तुला काय वाटलं असतं?

तुला आठवतं, चौकहून मला घेऊन आलास तो दिवस? लग्नाला वर्ष होत आलं होतं. त्याआधीचे तीन महिने मी सासरी नुसती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे. नवऱ्याचं हायवेला गॅरेज, सासूबाईंचा पाय दुखरा, आणि सून आंघोळीलाही उठत नाही. तिथल्या एका डॉक्टरांनी उदासीवर गोळ्या दिल्या. त्यांचा हेतू काही वाईट नव्हता. पण तीन आठवड्यांत मी उठले ती अशी उठले की मला बसवणं कोणाला जमेना. मला एकदम दिसायला लागलं की वाडीवरच्या सगळ्या पोरींना फ्रॉक नाहीत आणि ते शिवण्यासाठीच माझा जन्म आहे. सासूबाईंच्या पेटीतल्या साड्या मी काढल्या आणि एका दिवसात सगळ्या कापल्या. लग्नातला शालूसुद्धा. शिवला त्यातला एकही नाही.

तू दुधाचा टेंपो घेऊन आलास. मागे रिकामे कॅन खडखडत होते आणि पुढे मी तुझ्या शेजारी बसून चौकपासून आपल्या कडावपर्यंत एक क्षण तोंड मिटलं नाही. माझ्या फ्रॉकच्या कारखान्यात तुला मॅनेजर केलं, वैनीला हिशेबनीस. तू प्रत्येक वाक्याला “हां” म्हणत होतास. एकदाही “गप बस” म्हणाला नाहीस, आणि “काय केलंस हे” असं तर आजपर्यंत विचारलं नाहीस. कर्जतला टेंपो थांबवून मला वडापाव दिलास, आणि मी तो खाईपर्यंत चावी काढून मुठीत ठेवलीस. मी त्यावर हसले होते. तुला वाटलं होतं मी टेंपो घेऊन पळीन. खरं सांगते, माझ्या मनात तेच होतं.

मग पनवेलच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी बायपोलर म्हणजे काय ते तुला सांगितलं, उदासीच्या त्या गोळीने मी उलट्या टोकाला कशी गेले तेही सांगितलं, लिथियम सुरू केलं, रक्त कधी तपासायचं ते लिहून दिलं. आणि निघताना म्हणाल्या, “औषधाइतकीच झोप महत्त्वाची. ही रोज किती झोपते, खाते का, बोलणं वाढलंय का, एवढं लिहून ठेवा.” तू मान हलवलीस. तू आयुष्यात लिहायचास एकाच ठिकाणी, गोठ्यात खिळ्याला टांगलेल्या कॅलेंडरात. कुठली म्हैस माजावर आली, कुठली गाभण, कोणी पेंड सोडली, सगळं त्या चौकोनांत. तिथेच तू मलाही लिहायला लागलास. मला पत्ता नव्हता.

पत्ता लागला तो ढोरांचे डॉक्टर आले तेव्हा. ते बिजलीला बघायला आले होते. हात धुता धुता कॅलेंडर वाचायला लागले आणि एकदम गंभीर झाले. “चंद्री ठीक दिसते. पण ही सुमी कुठली? झोप तीन तास, वैरण नाही, लई ओरडली... अहो, हिला वेगळी बांधा, बाकीच्यांना मारील.” मी दारातच उभी होते, हातात शेणाचं घमेलं. वैनीने पदर तोंडात कोंबला. तू तर म्हशीच्या पोटामागे जाऊन लपलास.

मी घमेलं आपटलं, खिळ्यावरून कॅलेंडर ओढलं आणि उकिरड्यात टाकलं. चार दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू ते बाहेर काढलंस, ओल्या फडक्याने पुसलंस, पेंढ्यावर वाळवलंस आणि परत त्याच खिळ्याला लावलंस. पाचव्या दिवशी मी विचारलं, “मी काय म्हैस हाय का रं?” तू धार काढत होतास, मान वर न करता म्हणालास, “म्हशीला बोलता येत नाय. तुला त्या दिसांत खरं बोलता येत नाय. कोणीतरी लिवायला नको?”

हे भांडण आपलं मिटलं नाही. मी आजही म्हणते, त्या दिवसांतही मी खरंच बोलत होते, फक्त फार जोरात. तू असतास तर म्हणाला असतास, “फ्रॉकचा कारखाना खरा होता काय?” आणि मी म्हटलं असतं, “पोरींना फ्रॉक नव्हते, हे तर खरं होतं ना?” तू पुढे काय म्हणाला असतास ते मला सुचत नाही. गेले दहा दिवस मी तुझ्या वतीने उत्तर शोधतेय.

लिथियमने मी जमिनीवर आले. दोन वर्षं ना उड्या, ना भिंतीकडे तोंड. गावात म्हणायला लागले, सुमी बरी झाली. मग तूच कशेळ्याला बाजाराच्या बाजूला दुकान बघून दिलंस, मशीन टेंपोतून नेऊन ठेवलंस. डोंगरातल्या आश्रमशाळेच्या गणवेशांचं काम मिळालं. मी सगळं कापड एका झटक्यात कापलं, सगळ्या कॉलरी करून ठेवल्या, आणि मग त्या कॉलरींकडे बघत बसले. मशीनवर बसायचं ठरवून उठायचे आणि बाजारात फिरून यायचे. एका शर्टाची बाही लावताना दुसऱ्याचा खिसा आठवायचा. शाळा उघडली, शर्ट नाहीत. हेडमास्तर कापलेलं कापड गोणीत भरून घेऊन गेले.

त्या दिवशी तू मला बोललास. “गोळ्या चालू हायत, झोप चालू हाय, मग आता काय गं? आता हा नुसता आळस हाय सुमे.”

मला वेडी म्हणणारे पुष्कळ भेटले, त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. पण तुझा हा शब्द लागला. कारण मलाही तेच वाटत होतं. आजार होता तोवर सगळं आजारावर ढकलता येत होतं. आता आजार औषधाने खाली बसला आणि खाली उरले ती मी, दूध उतू घालवणारी, चावी हरवणारी, एकही काम तडीस न नेणारी. म्हणजे मुळात मी हीच, असं मी धरून चालले होते.

पुढच्या भेटीला तू सवयीने कॅलेंडर पिशवीत घालून नेलंस. डॉक्टरीणबाई नेहमी झोपेचे आकडे बघायच्या. त्या दिवशी त्यांनी चष्मा लावून बाकीचंही वाचलं. दूध उतू. दुकानाची चावी. गोठ्याचं दार उघडं, चंद्री भातात. त्यांनी पानं मागे उलटली, पुढे उलटली. म्हणाल्या, “झोप सात तास, मन स्थिर, तेव्हाही हे आहेच. हे कधीपासून?” मी म्हटलं, पहिल्यापासून अशीच आहे मी, वेंधळी. त्यांनी तुझ्याकडे बघितलं. आणि तू, जो डॉक्टरांपुढे हां-हूंशिवाय बोलत नाहीस, तो बोलत सुटलास. तिसरीत असताना काडेपेटी आणायला पाठवलं तर ओढ्यावर खेकडे धरत बसली. दप्तर शाळेत, चप्पल बांधावर, स्वतः आंब्यावर. बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं तर तिथून मुंग्यांच्या मागे मागे घरी आली. पेपरात पहिले चार प्रश्न बरोबर आणि पुढचं पान उलटलंच नाही. एवढं सगळं तुला लक्षात होतं, मला त्यातलं अर्धंही नाही.

त्यांनी आणखी दोन-तीन भेटींत मला पुष्कळ काही विचारलं, मग नीट समजावलं. हे दोन वेगवेगळे आजार आहेत. एक येतो आणि जातो, त्याने मन वर-खाली होतं. दुसरा लहानपणापासून मुक्कामालाच आहे, त्याला एडीएचडी म्हणतात, त्यात लक्ष एका जागी टिकत नाही. पहिल्याच्या गडबडीत दुसरा कोणाला दिसला नाही, आमच्याकडूनही राहिला, असं त्या सरळ म्हणाल्या. मी ऐकत होते आणि टेबलावरचा कागद दाबायचा दगड फिरवत होते. तो त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला नाही.

येताना एसटीत तू खिडकीशी बसलास. चौकचा थांबा गेला, तो नेहमी माझ्यासाठी जड असतो. तिथून थोडं पुढे आल्यावर तू बाहेरच बघत म्हणालास, “आळस बोललो होतो मी.”

मी म्हटलं, “हां.”

बस. एवढंच झालं. तुझ्या त्या चार शब्दांनी माझ्या पाठीवरचं केवढं मोठं गाठोडं उतरलं, ते मी तुला सांगायला हवं होतं. मी खाली मान घालून तिकिटाची घडी करत बसले. मला वाटलं, सांगू कधीतरी, घरातच तर आहोत. दादा, एसटीतून उतरले ती मी अगदी हलकी होऊन उतरले होते रे.

लक्ष टिकायची गोळी लगेच मिळाली नाही. मी हट्ट धरला होता. बाई म्हणाल्या, आधी मन स्थिर राहू दे, पाया नीट नसताना वरचा मजला चढवायचा नाही. काही महिने थांबवलं आणि मग अगदी कमी ताकदीची सुरू केली, सकाळीच घ्यायची. मला पहिल्या दोन दिवसांत एवढं छान वाटलं की मी गाणं म्हणत भांडी घासली. तू कॅलेंडरात लिहिलंस, झोप पाच. मग साडेचार. चौथ्या दिवशी सकाळी मी दुकानात एक मोठा शिवणवर्ग काढायचा बेत तुला सांगत होते, आणि तू दुधाचा कॅन खाली ठेवून पनवेलला फोन लावलास. मी तुझ्या हातातून फोन ओढायला गेले. “बरी हाय मी! आत्ता कुठं बरी झाले तर तुला बघवत नाय!” असं ओरडले. तू फोन दुसऱ्या कानाला लावलास. ती गोळी त्याच दिवशी बंद झाली.

त्या वाक्याची माफी मी मागितली नाही. आता मागतेय, उशीर झालाय तरी.

दुसरी गोळी हळू चालणारी होती. सहा-सात आठवडे काहीच कळलं नाही. मग एका दुपारी मी शर्टाला शेवटचं बटण लावलं, दोरा तोडला आणि पुढचा उचलायला हात केला, तेव्हा लक्षात आलं की हा पुरा झालाय. कॉलर, बाह्या, खिसा, काज, बटणं. मध्ये एकदाही उठले नव्हते. कुठे वाजंत्री वाजली नाही, डोक्यात वीज चमकली नाही, नुसतं शांत होतं. संध्याकाळी तो शर्ट मी तुला दाखवला. तू हात पुसून तो घेतलास आणि एकेक बटण ओढून बघितलंस, सातही. मग म्हणालास, “चांगलं बसलंय.” आणि शर्ट वैनीकडे दिलास, तिनेही सातही बटणं ओढली.

तेव्हापासून मी बरी आहे असं नाही म्हणणार, पण चालतेय. मोबाइलमध्ये गजर लावते, दुकानात भिंतीला पाटी टांगलीय, एका वेळी एकाच गिऱ्हाइकाचं कापड टेबलावर घेते. बाईंनी एक नियम शिकवला होता, कोणी काही सांगितलं की हातातलं खाली ठेवायचं आणि आधी लिहायचं. मी तो पाळते. त्या शनिवारी पाळला नाही. गोळीने विसरणं कमी होतं, संपत नाही. हे मला कळतं. डोक्याला कळतं, पोटाला कळत नाही.

आणि तू माझ्या गोळ्यांचा डबा तुझ्याच ताब्यात ठेवलास. सात वारांचे खण असलेला तो निळा डबा, तू दर रविवारी सकाळची धार झाली की भरायचास आणि गोठ्यातल्या फळीवर ठेवायचास. या दिवाळीत मी तो मागितला. “मी एवढी मोठी बाई, दुकान चालवते, माझा डबा माझ्याकडं दे.” तू म्हणालास, “विसरशील.” मी म्हटलं, “विसरले तर मी भोगीन.” तू माझ्याकडे बघितलंस. “तू एकटी नाय भोगत गं.” वैनी चकली तळत होती, तिने झारा हलवणं थांबवलं. तू बरोबर होतास आणि मीही बरोबर होते. त्यावर आपण परत बोलणार होतो, दिवाळीनंतर, भाताची झोडणी झाली की.

मंगळवारी संध्याकाळी तुला पोचवून सगळे परत आले. तुला ठेवलं होतं त्या जागी दिवा लावला, बायका त्याभोवती बसल्या. मीही बसले. मला तिथून उठायचं नव्हतं, रात्रभर त्या ज्योतीला तेल घालत बसायचं होतं. नऊ वाजता वैनी आली. तिने कपाळ पुसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. तिच्या हातात निळा डबा होता. “सुमे, गोळी घे आणि आतल्या खोलीत जाऊन झोप.” आत्याने आवाज चढवला, “सख्खा भाऊ गेला आन ही झोपायला चालली? लोकं काय बोलतील गं?” वैनी म्हणाली, “तिला झोपायलाच पायजे आत्या. बोलू दे लोकांना.”

मी झोपले, दादा. तू गेलास त्या रात्री मी सहा तास झोपले. सकाळी आत्या माझ्याशी बोलली नाही. मला त्या झोपेची लाज वाटते आणि ती झोप तूच मला लावून दिलीस हेही ठाऊक आहे, या दोन्हींचं काय करायचं ते मला कळत नाही.

डबा तू त्या आधीच्या रविवारी भरला होतास. म्हणजे शनिवारपर्यंत मी तुझ्याच हातच्या गोळ्या घेतल्या. बुध, गुरू, शुक्र. एकेक खण उघडताना वाटायचं, हा तुझा. शनिवारचा खण मी खूप उशिरा उघडला, वैनीने दोनदा हाक मारली तेव्हा. रविवारी मी मोबाइल बंद केला, दार अर्धं लोटलं आणि बाईंची चिठ्ठी समोर ठेवून डबा भरायला बसले. तुला दोन मिनिटं लागायची. मला अर्धा तास लागला. भरला, मोजला, रिकामा केला, परत भरला. वैनी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. ती आत आली नाही आणि तिने विचारलंही नाही. डबा तू हयात असताना मला हवा होता. तो असा नको होता मला.

त्याच दिवशी मी गोठ्यात जाऊन कॅलेंडर वाचलं. सगळी पानं. शेवटच्या महिन्यात चंद्री आहे, बिजली आहे, मी आहे, झोप सात, झोप सात, झोप साडेसात. वैनीच्या गुडघ्याचं तेल कधी आणायचं तेही आहे. तू कुठेच नाहीस. दोन दिवस छातीत भरल्यासारखं होत होतं ते कुठे लिहिलेलं नाही. आम्ही एवढी माणसं घरात, आणि तुझ्यासाठी पेन्सिल कोणी हातात घेतली नाही.

काल दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. मी मागे उभी होते आणि मनात ठरवत होते. कावळा शिवला नाही की लोक एकेक करून पुढे होतात, मेलेल्याच्या मनात जे अडकलं असेल ते पुरं करायचं कबूल करतात. मला खात्री होती, तुझा अडकलेला जीव माझ्यापाशी आहे. कावळा येणार नाही, मग मी पुढे होईन आणि सगळ्यांसमोर सांगेन, की तू आठवण करायला सांगितलं होतंस आणि मी केली नाही. गोळ्या घेईन, झोपेन, हेही म्हणेन. शब्द तयार होते. आणि पिंड ठेवून भटजी चार पावलं मागे सरकले न सरकले तोच कावळा आला. एक नाही, दोन आले. आत्या डोळे पुसत म्हणाली, “सुखानं गेला गं, कशात जीव नव्हता.” सगळे सुटल्यासारखे चपला शोधायला लागले.

मला भयंकर अपमान झाल्यासारखं वाटलं. बारा वर्षांची काळजी, आणि माझ्यासाठी एक मिनिट थांबला नाहीस?

लोक टेंपोत बसले. वैनी पाण्याजवळच्या दगडावर पाय धूत होती. मी तिच्या बाजूला जाऊन बसले आणि सांगितलं. शनिवारची संध्याकाळ, बाही, टाचण्या, सोमवारची जीप. एका दमात सांगितलं, थांबले असते तर सांगितलं नसतं. शेवटी म्हटलं, “मी विसरले वैनी. माझ्यामुळं गेला तो.”

वैनीने पाण्यातले पाय वर घेतले. मग म्हणाली, “मला पण सांगितलं होतं त्यांनी, शुक्रवारी. मी नाय विसरले गं. शनिवारी बोलले, रविवारी बोलले. सोमवारी तर कपडे काढून खाटेवर ठेवले, चला बोलले. तर हे बोलले, ‘पेंढा उघड्यावर हाय, झोडणी उरकू दे, मग जाऊ.’ मंगळवारी सकाळी परत बोलले मी. माझ्यावर वरडले.” तिने पदराने पाय पुसले, एक पुसला आणि दुसरा तसाच राहिला. “मी जास्त वरडायला पायजे होतं. हाताला धरून न्यायला पायजे होतं. दहा दिस हेच चाललंय माझ्या डोक्यात.”

म्हणजे ती पण खाली बघून जात होती. मला दिसलंच नाही.

आम्ही दोघी तिथे बसून रडलो. मोठ्याने, नाक ओढत. टेंपोवाल्याने हॉर्न दिला तरी उठलो नाही. मी रडायला लागले की घरातलं कोणी ना कोणी माझ्या डोळ्यांत डोकावून बघतं, हे साधं रडणं आहे की ते. काल वैनीने बघितलं नाही, तीच एवढी रडत होती. तू गेल्यापासून मी पहिल्यांदाच कोणाच्या बरोबरीने रडले.

आणि मला तुझा राग आला. माझी चूक आहे, ती मी सोडत नाही, ती माझ्याजवळ राहील. पण तिने कपडे काढून ठेवले होते, दादा. कडू गोळ्या, सुया, झोप, फोन, नको असताना, ओरडत, शिव्या देत, बारा वर्षं मी तुझं ऐकलं. तू चार दिवस तिचं ऐकायला हवं होतंस.